विंगेतली खुर्ची

बातमी मेलबर्नच्या आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आली. शनिवारची सकाळ, मुलीला स्विमिंगला सोडून मी गाडीतच बसले होते. ‘आपल्या मंडळाच्या आश्रयदात्या, श्रीमंत सुलोचनाराजे यांचं आज पहाटे निधन झालं.’ खाली जोडलेल्या हातांची रांग लागली, आणि सात-आठ हातांनंतर कुणीतरी विचारलं, दिवाळीच्या स्टॉलचं बुकिंग सुरू झालंय का? मी फोन बाजूच्या सीटवर फेकला. आश्रयदात्या म्हणे. तिचं नाव सोलांज होतं आणि ती नटी होती. हे त्या मेसेजमध्ये नव्हतं, आणि नंतरच्या शोकसभेतही कुणाच्या तोंडून आलं नाही. महिना उलटून गेला, तरी माझा संताप काही खाली उतरत नाही.

पॅरिसमधल्या एका छोट्या नाटक कंपनीत ती सहा वर्षं काम करत होती. तिथे शिकायला आलेल्या एका मराठी राजपुत्राशी तिनं लग्न केलं. संस्थान कधीच विलीन झालं होतं, तनखेही बंद झाले होते, उरला होता तो नुसता रुबाब. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, त्यातली गत. ताटातल्या तांदळात अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं गेलं आणि पंधरा दिवसांत सासूबाईंनी सांगून टाकलं, “आपल्या घरातल्या बायका तोंडाला रंग लावत नाहीत.” पुढे नवऱ्याला मेलबर्नला इंजिनिअरची नोकरी लागली, तेव्हा तिला वाटलं, इतक्या लांब कोण अडवणार? पण नवरा म्हणाला, “तिकडे घरी कळेल.” एवढ्यावर पस्तीस वर्षं गेली... ती नवऱ्याला कायम चांगला माणूस म्हणायची. असतीलही. मला नाही पटत.

नवरा वारल्यावर वर्षभरानं ती ग्लेन वेव्हर्ली उपनगरातल्या माझ्या गराजमध्ये आली. गणपतीतलं मंडळाचं नाटक मी बसवते, तालमी तिथेच होतात. मला म्हणाली, “मावशी म्हण, आणि तू म्हण. राणीसाहेब ऐकून कान किटले. मला काम दे. मोलकरीण, शेजारीण, काहीही चालेल.” सासरच्या स्वयंपाकघरात शिकलेलं तिचं मराठी चांगलं खणखणीत होतं, फक्त ‘र’ घशातून यायचा. मी आमच्या सेक्रेटरीला, संजयला विचारलं. तो म्हणाला, “अगं, ऑडियन्स हसेल. आणि राणीसाहेबांना मोलकरणीचा रोल? बरं दिसतं का ते?” म्हणजे सासूबाई इथेही हजर होत्याच, फक्त शॉर्ट्स घालून. मी भांडायला हवं होतं. त्याऐवजी मी तिला प्रॉम्प्टिंग दिलं, आणि म्हटलं, “पुढच्या वर्षी नक्की रोल देते.” मग दर वर्षी समारंभात पैठणी नेसून ती पहिल्या रांगेत बसायची, दीपप्रज्वलन करायची, आणि पडदा उघडायच्या आत विंगेत जाऊन घरून आणलेल्या लाकडी खुर्चीवर बसायची. विसरणाऱ्यांना वाक्यं पुरवायची. असं पुढचं वर्ष सहा वेळा आलं.

गेल्या वर्षीच्या नाटकात एक आजी होती. मुलांनी तिला न विचारता वृद्धाश्रम ठरवलेला असतो. शेवटच्या प्रवेशात मुलगा तिला ते सांगतो, ती फक्त “बरं” म्हणते आणि उठून जाते. आजी करणाऱ्या वैशालीचा पाय प्रयोगाच्या चार दिवस आधी मोडला. सगळं काम कुणाला पाठ आहे, हे गराजमध्ये सगळ्यांना माहीत होतं. मावशी उभी राहिली आणि तिनं माझ्याकडे बघितलं... मी संजयकडे बघितलं. तो म्हणाला, “अदितीचे केस पांढरे करू, मॅनेज होईल.” अदिती एकतीस वर्षांची, एक पान धड पाठ नाही. मी मान डोलावली. मावशी परत बसली आणि म्हणाली, “नो वरीज. मी आहे ना विंगेत.”

आणि होतीच ती. आजीचं प्रत्येक वाक्य तिनं विंगेतून अदितीला पुरवलं. फक्त शेवटी, “बरं”च्या आधी, तिचा आवाज थांबला. अदिती घाबरून मुलाकडे बघत राहिली, हॉल चिडीचूप. मग विंगेतून “बरं” आलं आणि पाठोपाठ खुर्ची करकरली, पाचव्या रांगेपर्यंत ऐकू गेली. अदिती उठून आत गेली. लोक डोळे पुसत टाळ्या वाजवत होते. उत्कृष्ट अभिनेत्रीची ट्रॉफी अदितीला मिळाली, आणि ती दिली कुणी, तर राणीसाहेबांनी. नंतर मी मावशीला गाठून विचारलं, “शेवटी का थांबलीस? आणि खुर्ची कशाला वाजवलीस?” ती म्हणाली, “सॉरी.”

शोकसभेत तिचा नथ घातलेला फोटो होता. भारतातून पुतण्यानं लेख पाठवला होता, ‘परदेशी सून घराण्यात साखरेसारखी विरघळली.’ तिला विरघळवली, असं म्हणा. मला पुतण्याचा राग येतो, संजयचा येतो, आणि तिचाही येतो. नो वरीज कशाला म्हणायचं? संहिता माझ्या तोंडावर फेकायची होती. पण खरा राग कुणाचा आहे, ते मला पक्कं माहीत आहे. त्या गराजची किल्ली माझ्याकडे होती.

मागच्या आठवड्यात तिची मुलगी खुर्ची आणि प्रॉम्प्टिंगची प्रत घेऊन आली. “मम वॉन्टेड यू टू हॅव दीज,” म्हणाली आणि चहाही न घेता गेली. मी पानं उलटली. इतरांच्या वाक्यांखाली काही नव्हतं. आजीच्या प्रत्येक वाक्याखाली पेन्सिलीच्या खुणा होत्या, श्वास कुठे घ्यायचा, मान कुठे वळवायची. शेवटच्या पानावर तिच्या गोल देवनागरीत लिहिलं होतं, ‘इथे पाच मोजायचे. बरं. मग उठायचं.’

म्हणजे ती उठली होती. विंगेतल्या अंधारात, पैठणी नेसलेली, कुणाला दिसत नसताना, आजी होऊन उठली होती. आणि मी तिला त्यासाठी रागावले होते...

काल यंदाच्या नाटकाची पहिली तालीम झाली. संजय आला आणि तीच खुर्ची ओढून बसला. मी म्हटलं, “ऊठ.” तो उठला, आणि खुर्ची करकरली, अगदी तशीच.