रविवार, सकाळी नऊ, डावा कोपरा

११ मे, रविवार. सकाळपासून उकाडा. वारा नाही, आकाश पांढरट. ओंकार नऊ वाजता आला, पोहे नको म्हणाला आणि टोपी न काढता बसून राहिला.

एकोणीस वर्षं मी रोज डायरी लिहितो. कुणी शिकवलं नाही. नोकरी रेल्वेच्या वेळापत्रक विभागात, त्यामुळे वर तारीख आणि हवा, खाली घडलं ते, एवढीच पद्धत सुचली. किस्से साचतात ते असेच. सायडिंगला एकेक डबा आणून लावत जावं आणि एक दिवस बघावं तर गाडी तयार. ओंकारची गाडी सहा महिन्यांत तयार झाली.

ओंकार साळवी, वय सव्वीस, रत्नागिरीचा. इथे कलकत्त्यात गार्डन रीचला जहाजं बांधतात, तिथे तो क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. त्याची आई आणि माझी बायको सुनंदा एका वर्गातल्या. "पोराकडे लक्ष ठेव गं," असा निरोप आला, तेव्हापासून दर रविवारी तो आमच्या क्वार्टरवर नाश्त्याला येतो.

"टोपी काढ रे, घरात कसली टोपी," सुनंदा म्हणाली.

त्याने काढली. कपाळाचे दोन्ही कोपरे वर सरकले होते आणि टाळूवरचे केस विरळ झाले होते.

"काकू, खरं सांगा."

"खरं सांगायचं तर पोहे गार होतायत."

मग त्याने सगळं सांगितलं. आईने बालीगंजच्या एका मराठी बँक अधिकाऱ्याच्या मुलीचं स्थळ काढलं होतं. मुलीकडे फोटो जाऊनही झाला होता आणि तो फोटो होता कॉलेजच्या तिसऱ्या वर्षातला.

"त्यात माझे केस कपाळावर येतायत, काका. भेट दुर्गापूजेनंतर आहे. म्हणजे पाच महिन्यांत मला त्या फोटोसारखं व्हायला हवं, नाहीतर..."

नाहीतरच्या पुढे त्याने बशी जवळ ओढली. पोहे दोनदा घेतले.

* * *

पहिला उपाय कांद्याच्या रसाचा. तो कुणी सुचवला हे त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही, पण पाच दिवस रोज सकाळी रस लावून, वर हेल्मेट चढवून हा कामावर जात होता. सहाव्या दिवशी त्याला जहाजाच्या एका बंद टाकीत उतरायचं होतं. अशा टाकीत माणूस सोडण्याआधी आतली हवा तपासतात आणि सर्टिफिकेट मिळाल्याशिवाय कुणी उतरत नाही. हवा ठीक निघाली. ओंकार आणि फोरमन घोषदा आत गेले.

दोन मिनिटांत घोषदा डोळे पुसत वर आले आणि तपासनिसाला म्हणाले, "टाकीचं राहू दे. आधी ह्या माणसाला सर्टिफिकेट दे."

ही गोष्ट ओंकारनेच आम्हाला सांगितली, तीही चेहऱ्यावरची रेघ न हलवता. त्याच्याबद्दल मला आदर वाटायला सुरुवात झाली ती तिथून. स्वतःची फजिती इतक्या तपशिलाने सांगणारी माणसं मी थोडी पाहिली आहेत.

* * *

मग तो एका केसरोपणाच्या क्लिनिकमध्ये गेला. तिथल्या माणसाने कॉलेजचा फोटो टेबलावर ठेवून घेतला आणि म्हणाला, "सर, हीच हेअरलाइन देऊ. पण लवकर करा, झपाट्याने जातायत." १२ जुलै ही तारीखही दिली.

ओंकारला तारखेचं काही वाटलं नाही. 'झपाट्याने' हा शब्द मात्र त्याला टोचला.

"झपाट्याने म्हणजे किती, काका? आमच्याकडे पत्रा गंजलाय असं नुसतं म्हटलं तर कुणी तो बदलत नाही. जाडी मोजतात. काही महिन्यांनी त्याच जागी पुन्हा मोजतात. मग ठरतं, पत्रा बदलायचा की रंग देऊन वापरायचा. डोक्याला वेगळा नियम का?"

मोजायचं काम माझ्याकडे आलं, कारण "तुम्ही पावसाचीसुद्धा नोंद ठेवता." ते खरं आहे. एकोणीस वर्षांत या शहरात पडलेला प्रत्येक पाऊस माझ्याकडे लिहिलेला आहे. याच काळात माझे स्वतःचे केस गेले, त्याची मात्र एक ओळही नाही.

ठरलं ते असं. दर रविवारी सकाळी नऊ वाजता, गॅलरीतल्या त्याच स्टुलावर, टाळूचा एक फोटो आणि स्टीलच्या पट्टीने एक माप: डाव्या भुवईपासून डाव्या कोपऱ्यातल्या पहिल्या केसापर्यंत.

* * *

पहिलं माप एकाहत्तर मिलिमीटर आलं, दुसरं चौऱ्याहत्तर. ओंकारचा चेहरा उतरला. तिसरं आलं एकोणसत्तर.

"एका आठवड्यात पाच मिलिमीटर परत आले?" मी विचारलं.

"पट्टी बदललीत का?"

"पट्टी तुझीच आहे."

सुनंदा दारात कोथिंबीर निवडत उभी होती. ती म्हणाली, "पट्टी बघताय दोघं, तोंड कोण बघणार? आज याने श्वास रोखून भुवया वर चढवल्यात. आणि मागच्या रविवारी आईचा फोन येऊन गेला होता, तेव्हा त्या खाली आवळलेल्या होत्या."

तपासून पाहिलं. तंतोतंत खरं. आईच्या एका फोनला तीन मिलिमीटर.

ओंकारने तिथल्या तिथे तिन्ही मापं खोडली. कुणी सांगितलं नव्हतं, आणि शेवटचं माप तर त्याच्या फायद्याचं होतं. "ज्या खुणेवरून मोजायचं तीच हलत असेल तर मोजून काय उपयोग," तो म्हणाला आणि सुनंदाला विचारलं, "काकू, चेहऱ्यावर न हलणारं काय असतं?"

"नाक. तेही सगळ्यांचं नाही."

आठ जूनपासून आम्ही नाकाच्या मुळाशी, दोन डोळ्यांच्या मधे जो खळगा असतो तिथून मोजू लागलो. डावा कोपरा: शहाण्णव. भुवया वर, भुवया खाली, शहाण्णवच.

* * *

फोटोंचं प्रकरण जास्त गंभीर होतं. प्रत्येक फोटोला ओंकार पाचपैकी गुण देत असे. जूनअखेर त्याने आलेख काढून आणला, तेव्हा रेघ जिना उतरावा तशी खाली आली होती. मधे एकच रविवार जरा वर.

"काका, मी बाराला जातो. आता थांबण्यात अर्थ नाही."

कपाळ जागच्या जागी असताना टाळू इतकी घाईने का रिकामी होते, ते मला उमगेना. मी डायरी काढली. दोन-दोन गुणांचे रविवार पाहिले. 'उकाडा, घाम.' 'हवा कोंदट, कपडे वाळत नाहीत.' 'पहाटे पाऊस, नंतर दमट.' वर गेलेल्या त्या एका रविवारी लिहिलं होतं: 'पहाटे वादळ होऊन गेलं. कोरडा वारा. बरं वाटलं.'

डायरी त्याच्यासमोर ठेवली. घामाने विरळ केस एकमेकांना चिकटतात आणि मधली कातडी उघडी पडते. सहा आठवडे आम्ही कलकत्त्याची हवा मोजत होतो.

सुनंदाला वाटलं आता हा आनंदाने उडी मारेल. ओंकारने आलेख डायरीशेजारी सरकवला आणि म्हणाला, "याचा अर्थ केस जात नाहीत असा नाही, काका. आपल्याला अजून माहीत नाही, एवढाच आहे."

सव्विसाव्या वर्षी मला हे वाक्य सुचलं नसतं. आजही सुचेल याची खात्री नाही. पुढच्या रविवारपासून तो आंघोळ करून, पंख्याखाली केस कोरडे करून मगच स्टुलावर बसू लागला.

क्लिनिकला त्याने माझ्यासमोरच फोन लावला.

"सर, थांबलात तर आणखी केस जातील."

"किती?"

"म्हणजे?"

"थांबलो तर किती जातील? तुमच्याकडे आधीचं रीडिंग असेल ना. माझ्याकडे आहे, ताडून बघू."

पलीकडचा माणूस साहेबांना विचारून फोन करतो म्हणाला. तो फोन अजून यायचा आहे.

* * *

घोषदांनी बालीगंजच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंचं नाव सुचवलं. कांद्याच्या प्रसंगानंतर त्यांना या प्रश्नात व्यक्तिशः रस निर्माण झाला होता. डॉक्टरबाई सत्तरीच्या, आवाज बारीक. त्यांनी ओंकारने बनवलेली मापांची, फोटोंची आणि हवेच्या नोंदींची फाईल पहिल्या पानापासून वाचली.

"पेशंट इंटरनेट वाचून येतात. हा वेळापत्रक घेऊन आलाय." मग भिंगातून डोकं पाहिलं. "हे वडिलांकडून आलेलं आहे. केस जातायत, पण सावकाश. तुझी शंका बरोबर आणि तुझी घाई चूक."

"हेल्मेटमुळे तर नाही ना? यार्डात दिवसभर घालावं लागतं."

"हेल्मेट घातल्याने केस जात नाहीत. न घातल्याने डोकं जातं."

रोपणाला त्यांनी तूर्त नकार दिला. या वयात पुढे केस लावले आणि मागचे सरकत राहिले, तर पुढे केसांचं बेट उरतं. पर्याय चार सांगितले: लावायचं औषध, पोटात घ्यायची गोळी, काही न करणं, आणि सरळ सगळं काढून टाकणं. प्रत्येकाचे फायदे आणि त्रास दोन्ही सांगितले. "कुठलाही घेतलास तरी आजार बरा होणार नाही, कारण हा आजार नाही. आहे ते टिकवता येईल. थोडे वाढले तर नशीब. आणि औषध लावलंस तर पहिले काही आठवडे जास्त गळतील. घाबरून सोडू नकोस."

ओंकारने आठ दिवस घेतले. पर्यायांची माहिती ओळ न ओळ वाचली, बाईंना फोनवर दोन प्रश्न विचारले आणि लावायचं औषध निवडलं. एक वर्ष, मग पुन्हा विचार. गोळी नको, कारण "एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही."

* * *

ऑगस्टच्या मध्यावर केस खरोखरच गळू लागले. सांगून ठेवलेलं होतं, तरी उशी बघून मी हबकलो असतो. त्याने शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'अपेक्षित.' पुढच्या रविवारी 'अपेक्षित, नको असलेलं.' त्या महिन्यातली त्याची तक्रार म्हणजे एवढीच.

आईचा फोन आमच्याकडे आला. "अगं सुनंदा, त्याला सांग ते औषध बंद कर. मी माक्याचं तेल पाठवते. आणि भेटीला जाताना टोपी घालू दे हवं तर."

सुनंदाने फोन ओंकारच्या हातात दिला.

"आई, तेल पाठव, पायाला लावीन. टोपी घालणार नाही. आणि त्यांना खरं मी सांगणार आहे."

फोन स्पीकरवरच होता. मग आई म्हणाली, "फोटो मीच निवडला होता रे. त्यात तू हसतोयस म्हणून."

त्या रविवारी शेऱ्याचा रकाना कोरा आहे.

* * *

१२ ऑक्टोबर, रविवार. आकाश निळं, ऊन लागत नाही. सकाळी माप झालं आणि संध्याकाळी पाचला आम्ही तिघं बालीगंजला गेलो. ओंकारचे आईवडील रत्नागिरीला, म्हणून मोठी माणसं म्हणून आम्ही दोघं. मुलगी अदिती, शाळेत भूगोल शिकवते. जन्म इथलाच, मराठी जरा जपून बोलते. तिच्या आईने बंगाली संदेश मिठाई आणि नारळाच्या वड्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या.

ओंकारने चहाला हात लावण्याआधी पिशवीतून फाईल काढली. सुनंदाने मला कोपराने ढोसलं. मलाही माहीत नव्हतं.

"तुम्हाला आलेला फोटो जुना आहे," तो अदितीला म्हणाला. "आत्ताचं सगळं यात आहे. जहाज ताब्यात देताना आम्ही दोषांची यादी सोबत देतो. लपवले तर पहिल्याच फेरीत उघडे पडतात."

अदितीच्या वडिलांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. अदिती वाचू लागली. मी घड्याळ पाहिलं, बारा मिनिटं.

"हा हवेचा रकाना कशाला?"

"तो माझा," मी म्हणालो.

"चांगला आहे." डाळिंबी रंगवलेल्या नखाने तिने पान उलटलं. "ऑगस्टचा दुसरा रविवार अख्खा रिकामा का आहे?"

"त्या दिवशी जहाज पाण्यात उतरवलं. भरती नऊच्या सुमाराची होती."

"मग दहाला फोटो काढायचा."

"वेळ बदलली असती. उजेड बदलला असता."

"हो, ते पण आहे." ती पुन्हा पहिल्या पानावर गेली. "हे औषध किती दिवस?"

"एक वर्ष. मग परत बघायचं."

"आणि तरीपण गेले तर?"

"तर जातील. नोंद राहील."

तिच्या आईने चहा गार होतोय म्हणून सांगितलं. अदितीने फाईल मिटली, पण परत दिली नाही. "ही ठेवून घेऊ? नीट वाचायची आहे."

* * *

२ नोव्हेंबर, रविवार. हवा कोरडी, उत्तरेकडून हलका वारा. ओंकार नऊला आला नाही. स्टूल गॅलरीत मांडलेलं होतं. नऊ वाजून चार मिनिटांनी फोनवर फोटो आला: कपाळ, नाकाच्या मुळाशी टेकवलेली स्टीलची पट्टी, आणि पट्टी धरलेली दोन बोटं. नखांना डाळिंबी रंग.

डावा कोपरा: शहाण्णव.