काळं झबलं

शनिवार, १४ जानेवारी १९६१. सकाळी थंडी. मी कुठे गेले नाही. अकराच्या सुमारास नंजम्मांनी बोलावलं. शालनने त्यांच्या नातवाला काळं झबलं घातलं, त्यावरून वाद. दुभाष्याचं काम केलं. दोघींनाही पूर्ण सांगितलं नाही.

त्या दिवशीच्या पानावर एवढंच आहे. बाकीचं आज सात वर्षांनी लिहिते.

शालन कराडजवळच्या खेड्यातली. लग्न होऊन आदल्या जूनमध्ये बंगळुरात मल्लेश्वरला आली, आमच्या शेजारी नंजम्मांच्या मागच्या खोलीत भाड्याने. नवरा ज्योतिबा यशवंतपुरात कारखान्यात फिटर. सकाळी सहाला जायचा, तो दिवेलागणीला परतायचा. तिला कन्नडचा गंध नव्हता. भाजीवाल्यापुढे बोट दाखवायची आणि तो देईल ते घेऊन यायची. गल्लीत मराठी बोलणारी मी एकटी, आणि माझं मराठीही तिला पुरतं कळत नसे. आमचं घराणं तीनशे वर्षं इकडे. मी ‘थोडं थांब’ऐवजी ‘स्वल्प थांब’ म्हटलं की ती माझ्या तोंडाकडे बघत राहायची.

ऑक्टोबरात नंजम्मांची लेक बाळंत झाली. तिचं पहिलं मूल चार महिन्यांचं होऊन गेलं होतं, म्हणून या बाळाला नंजम्मा कोणाच्या हाती देत नसत. शालनच्या हाती मात्र दिलं. रोज सकाळी तेल लावून न्हाऊ घालणं हे तिचं काम झालं. ती मराठीत बोलायची, नंजम्मा कन्नडमध्ये, आणि पाणी वेळेवर तापायचं.

“माझी मुकी सून,” नंजम्मा मला हसत सांगायच्या. “उलट बोलत नाही, हे किती बरं.”

या शहरात शालनला जाण्यासारखं तेवढं एकच घर होतं.

पहिली संक्रांत म्हणून तिच्या सासूने काळी चंद्रकळा आणि हलवा पाठवला. शालनने काळं कापड आणून बाळासाठी झबलं शिवलं, हलव्याची माळ ओवली. नंजम्मा देवघरात असताना बाळाला ते घालून डोक्यावरून बोरं ओतली.

मी पोचले तेव्हा झबलं न्हाणीच्या चुलीत जळत होतं. बाळाची आई त्याला छातीशी धरून कोपऱ्यात बसली होती.

“वसुमतम्मा, विचारा हिला,” नंजम्मा म्हणाल्या. “सणाच्या दिवशी पोराला काळं? एक गेलं ते पुरलं नाही का? सांगा, पुन्हा माझ्या घरात पाऊल टाकायचं नाही.”

“आक्का, काय झालं ह्यांना?” शालन मला विचारत होती. “आमच्याकडं पहिल्या संक्रांतीला काळंच घालतात. तुमच्यात नाही?”

आमच्यात नाही. मराठी घरांत असा रिवाज असतो हे मला एकसष्टाव्या वर्षी कळत होतं, आणि नंजम्मांपुढे ते कबूल करायची लाज वाटली. मी त्यांना म्हणाले, “चुकलं म्हणते ती.” आणि शालनला म्हणाले, “काळं इकडे चालत नाही. रागावल्यात थोड्या. चार दिवस जाऊ नको, मग जा.”

तिने चार दिवस मोजले. बुधवारी तेलाची वाटी घेऊन ती गेली. बाळाला दोन दिवस ताप होता, घरात बघायला आलेल्या बायका होत्या. नंजम्मांनी सगळ्यांसमोर तिच्या हातातली वाटी घेऊन तेल अंगणात ओतलं आणि म्हणाल्या, “होगु.” तो शब्द तिला येत होता. दारातली गाय हाकलताना तो रोज कानावर पडायचा.

ती तडक माझ्याकडे आली. रडत नव्हती.

“त्या दिवशी त्या काय बोलल्या, ते जसंच्या तसं सांगा.”

मी सांगितलं.

“आणि माझं बोलणं? काळं का घातलं ते सांगितलंत त्यांना?”

“नाही.”

“तेव्हाच कळलं असतं तर पाया पडले असते, आक्का. नाहीतर गेले तरी नसते.”

मी लगेच नंजम्मांकडे जाऊन सगळं सांगितलं. त्या सुपातले तांदूळ निवडत होत्या. हात थांबला.

“त्यांच्यात घालतात?”

“हो.”

“मग तेव्हा का नाही बोललात?”

मी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

“आता माझी लेक तिची सावली दिसली तरी थरथरते. मी काय करू?” त्या म्हणाल्या. मग “सरी”, म्हणजे बरं, असं म्हणून पुन्हा निवडू लागल्या.

बाळ आठवड्यात बरं झालं. शालनला कोणी बोलावलं नाही.

रविवार, २९ जानेवारी. ज्योतिबाने यशवंतपुरात खोली घेतली, हातगाडीवर सामान नेलं. जाताना शालन नंजम्मांच्या पायरीखाली उभी राहून कन्नडमध्ये म्हणाली, “मी जाऊन येते, अम्मा.” कोणाकडून शिकली ठाऊक नाही, मला विचारलं नव्हतं. नंजम्मा आत गेल्या. माझ्याकडे ती आली नाही. संध्याकाळी रॉकेलवाला आला, दोन बाटल्या घेतल्या.