भानुदासरावांनी थांबवलेली गाडी

भानुदासराव गजभिये रडले नाहीत. बायको अंजनाबाई जाऊन महिना झाला, मुलाच्या अमेरिकेतल्या, नेपरव्हिलच्या घरी बुद्धवंदना झाली, चार लोक येऊन डोळे पुसून गेले. हे आपले सोफ्यावर बसून. प्रफुल्ल, म्हणजे मुलगा, धास्तावला. "बाबा, एकदा रडून मोकळे व्हा हो. असं कोंडून ठेवाल तर तुम्हीही हातचे जाल." त्यावर हे म्हणाले, "दाढीची ब्लेडं संपलीत." आता बोला!

चौतीस वर्षं वऱ्हाडातल्या एका ब्रँच लाइनीवर स्टेशनमास्तरकी केलेला माणूस. घरापासून दहा मिनिटांवर एक चिमुकलं स्टेशन होतं, तिथे रोज सकाळी जाऊ लागले. सत्त्याण्णवचा जानेवारी, थंडी मी म्हणत होती. आणि कसलं हो ते स्टेशन! ना मास्तर, ना तिकीटखिडकी, ना हमाल. एक फलाट, काचेची शेड आणि बर्फ. तिकीट कंडक्टर गाडीतच देणार. मास्तरावाचून स्टेशन म्हणजे यांच्या लेखी निव्वळ बेवारस मामला. मग काय, शिकागोची दहा बेचाळीस दिसली की हे टोपी नीट करून फलाटावर उभे राहत आणि हात वर करून, गाडी जाऊ द्या म्हणून, 'ऑल राइट' देत. गाडी थांबायची, चढायचं-उतरायचं कुणीच नाही, निघून जायची. मागचा लाल दिवा दिसेनासा झाला की हे घरी परत. असे तेवीस दिवस.

चोविसाव्या दिवशी कंडक्टर खाली उतरला. "सर, तुम्हाला जायचंय तरी कुठे?"

"कुठेच नाही. मी नुसती गाडी पास करतो."

"पण या स्टेशनवर माणूस उभा दिसला तरच आम्ही थांबतो. रोज तुमच्यासाठीच थांबतोय!"

भानुदासरावांनी डोक्यावरची टोपी काढली. विनाकारण गाडी अडवली, तीही रोज! अख्ख्या नोकरीत त्यांनी कुणासाठी गाडी थांबवून धरली नव्हती. अंजनाबाईंसाठीसुद्धा नाही. माहेरहून आई अत्यवस्थ असल्याची तार आली त्या दिवशी त्या क्वार्टरमधून पिशवी घेऊन धावत येत होत्या, फलाट पन्नास पावलांवर. यांनी त्यांना पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि गाडी सोडली. दुसरी गाडी संध्याकाळी. अंजनाबाई माहेरी पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. पुढे जन्मभर त्यांनी यावर चकार शब्द काढला नाही.

"माफ करा," भानुदासराव कसेबसे म्हणाले, "माझ्यामुळे तुमची गाडी लेट झाली."

"अहो, एका मिनिटानं काय बिघडतं?" कंडक्टर हसला, त्यांच्या खांद्यावर थोपटून गाडीत चढला.

गाडी गेली. त्या दिवशी यांनी मागचा दिवा पाहिला नाही. शेडमधल्या बाकावर बसले आणि मग जो बांध फुटला तो आवरेना. दुपारी प्रफुल्ल ऑफिसातून शोधत आला, तरी चालूच.

"बाबा, अहो काय झालं?"

"तुझ्या आईला मी एक मिनिट दिलं नाही रे," ते म्हणाले.