तळहातावरची स्कॉच

तो दिवस आठवला की आजही मिशीत हसू येतं. मी तेव्हा गडचांदूरकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. खबऱ्याने टीप दिली की तिथल्या एका बारमध्ये सिमेंट कारखान्यांच्या पाहुण्यांना महागडी म्हणून पाजली जाणारी स्कॉच बनावट आहे. रात्री छापा घातला, तर बारमालकाने सरळ वेटरकडे बोट दाखवलं. म्हणे, सीलबंद माल अस्सल, बाटली उघडल्यावर यानेच भेसळ केली. वेटर रडकुंडीला आला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला कोर्टात हजर करायचं होतं, आणि प्रयोगशाळेचा अहवाल लवकर येणार नव्हता.

मी रातोरात नागपूरहून एक जाणकार बोलावला. अख्खी हयात दारूच्या कारखान्यात गेलेला माणूस. सकाळी ठाण्यात पंचांसमोर जप्त केलेली सीलबंद बाटली उघडली. त्याने ग्लास फिरवला, हुंगला, घोट जिभेवर घोळवला.

"शेरी वाइनच्या पिंपात मुरलेली आहे. मनुका, अंजीर, किंचित लवंग. अस्सल."

मालक खुशीत आला. वेटरने मान खाली घातली.

समोरच्या बाकावर एक म्हातारी गोंड बाई बसली होती. मोहाची दारू गाळल्याच्या गुन्ह्यात जामिनावर होती, हजेरीला आलेली. ती म्हणाली, "मनुका कायचा, साहेब? मोहफूल हाय हे. गूळ जाळून रंग देल्ला."

हवालदार तिच्यावर खेकसला. मी त्यालाच गप्प केलं.

"काऊन खेकसता, भाऊ? हातावर चोळून पाहा ना. दारू उडते, वास राह्यते."

जाणकाराने दोन थेंब तळहातावर चोळले, नाकाशी नेले आणि पुन्हा चोळले. माणूस सच्चा होता. म्हणाला, "बाई बरोबर आहेत. पिंपाच्या लाकडाचा वासच नाही. मी लेबलला फसलो."

मी मालकाला आतल्या खोलीत नेलं. माल खोटा की खरा, हे विचारलंच नाही. सहज म्हणालो, "गूळ कोणत्या कढईत जाळता?"

"कढई नाही साहेब, पातेल्या..." आणि जीभ चावली.

तासाभरात बारच्या कोठीतून ते पातेलं, मोहाच्या दारूचे कॅन आणि नवी बुचं जप्त केली. पुढे अहवालही तसाच आला. वेटर त्याच दुपारी सुटला. त्याने मला नमस्कार करण्याआधी बाईचे पाय धरले, आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. नोकरीभर मी त्या बाकावरच्या माणसांना फक्त प्रश्न विचारले होते. त्यांना काही येत असेल, हे डोक्यातच आलं नव्हतं.

बाईचा जबाब लिहिताना हवालदार व्यवसायाच्या रकान्यापाशी अडला. बाई म्हणाली, "खरं तेच लिवा, मले काई लाज नाई."

मी पेन घेतलं आणि लिहिलं, 'मोहाची जाणकार'.