धान पारखायची दाढ

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्यापुढे दोन वस्तू ठेवल्या, एक महाग, एक स्वस्त, आणि स्वस्तातली घ्या म्हणाल्या. तिथेच मला संशय आला. विकणारा आपणहून स्वस्त माल पुढे सरकवतो तेव्हा तो पडून राहिलेला असतो, नाहीतर आतून बिघडलेला. मी स्वतः तसा माल लोकांच्या गळ्यात घातलेला आहे, म्हणून सांगते.

गडचिरोली जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. नवरा एसटीत कंडक्टर, पण धानाचा धंदा माझा. डोक्यावर टोपली घेऊन मुरमुरे विकण्यापासून मी सुरुवात केली आणि दहा-बारा वर्षांत गावोगावच्या खळ्यावर धान विकत घेऊन मिलला घालू लागले. धान ओला की वाळलेला, हे सांगणारं यंत्र माझ्याकडे नव्हतं. डावीकडची खालची दाढ होती. दाणा तिच्याखाली ठेवायचा आणि दाबायचा. कट वाजून दुभंगला तर वाळला. पिचून चपटा झाला तर ओला. सगळेच व्यापारी असं करतात, पण माझ्या दाढेचं नाव होतं. शेतकरी म्हणायचे, या बाईपुढं पाणी मारलेला धान आणू नका.

आदल्या हंगामात त्या नावाला बट्टा लागला. माझा एक ट्रक धान मिलच्या शेठजींनी परत केला. पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर धान बाहेर काढला आणि हमालांसमोर म्हणाले, "ओला हाय, बाई. आता दाढ बदला." हमाल हसले. मी तिथेच त्यांच्याशी भांडले. भाव पाडायचा म्हणून हा माणूस खोटं बोलून राहिला, हे माझं मत वर्षभर पक्कं होतं. धान मात्र कोणी घेतला नाही. नव्या हंगामात खळ्यांवर माझ्या आधी दुसरेच पोचू लागले.

दिवाळीनंतर तीच दाढ थंड पाण्याने कळा मारू लागली. जिभेला खड्डा लागायचा. दाढ उपटून टाकली तर धंदाच उपटला, म्हणून गडचिरोलीहून मूलमार्गे जाणारी बस धरून चंद्रपूर गाठलं. गोल बाजाराच्या मागे एक डॉक्टरीण नागपूरहून शिकून येऊन बसली होती. वयाने माझ्या लेकीएवढी.

"मागच्या दाढेत चांदी भरतो, बाई," ती म्हणाली. "हे पांढरं दिसायले चांगलं, पण चावायच्या जागी टिकत नाई."

"म्हागाचं टिकत नाई?"

"नाई."

"मंग म्हाग काऊन?"

"दाताच्या रंगाचं दिसते म्हणून."

"मी काय दाढ दाखवून लगन जमवून राह्यली का?"

बाकावर बसलेले दोघे हसले. तिला हसू आलं नाही. मी सोन्याचं विचारलं. ते नागपूरला होईल, दोन-तीन खेपा कराव्या लागतील, असं तिने सांगितलं.

मग मी खरा प्रश्न काढला. "यातल्या कोणत्यानं धानाचा दाणा समजन?"

तिच्या हातातला आरसा थांबला. असं आजवर तिला कोणी विचारलं नसावं. मी तिला पदराच्या गाठीतला धान दाखवून समजावून सांगितलं. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "चांदीले काई समजत नाई, अन् पांढऱ्यालेही नाई. दाब समजते तो दाढेच्या मुळाभोवती. तुमचं मूळ अजून चांगलं आहे. वरचं फक्त मजबूत पाहिजे."

हे उत्तर इतकं सरळ होतं की मला त्यात हात घालायला जागा मिळेना. म्हणून मी भावावर आले. "थोडं कमी करा."

"ही भाजी नाई, बाई."

"भाजी असती तं हातात घेऊन पाह्यली असती."

"मंग पाहा ना," म्हणत तिने माझ्यासमोरच काचेचा छोटा खल घेतला. राखाडी पूड टाकली आणि कुपीतून चकाकता थेंब सोडला. तो थेंब मी लगेच ओळखला.

"हा तं पारा होय!"

"पाराच आहे. चांदीची पूड अन् पारा मिळूनच हे होते."

"चांदी सांगून मले पारा देऊन राह्यली तू, पोरी?"

"लपवून द्यायचा असता तं तुमच्या डोळ्यासमोर घोटला असता का?"

घोटलेला गोळा तिने फडक्यात पिळला. जास्तीचा पारा बारीक मण्यांसारखा बाहेर आला, तो तिने बाटलीत टाकला. तिच्या बोलण्यात कुठेच फट सापडत नव्हती. मला माणसाचं बोलणं असं गुळगुळीत लागलं की जास्त भीती वाटते. तरी मी तोंड उघडलं. तिने पायाने मशीन चालवून कीड कोरली, चांदी दाबून बसवली आणि बजावलं, "उद्या या वेळेपर्यंत या बाजूनं काईच चावायचं नाई. कडक व्हायले तेवढा वेळ लागते."

बसस्टँडवर बाकावर बसून मी ते शेवटचं वाक्य उलटसुलट केलं. उद्या या वेळेला मी गडचिरोलीत. माल खराब निघाला तर कोणाला दाखवणार? कच्चा माल देणारा माणूस एक दिवसाची मुदत मागतोच, मीही मागितलेली आहे. धान घेताना खळ्यावरच दाणा फोडतात, घरी नेऊन नाही. माझ्या पदराच्या गाठीत मूठभर जुना, कडक वाळलेला धान नेहमी असायचा. नवा दाणा त्याच्याशी ताडून बघायचा. गाठ सोडली, एक दाणा डावीकडे ठेवला आणि पूर्ण जोर लावून दाबला.

कट वाजलं. पण दाण्याचं नव्हतं. जिभेवर वाळूसारखे कण आले.

मी उठले आणि तडक गोल बाजार. दारातूनच आवाज चढवला. "तासभरही टिकली नाई तुमची चांदी! पारा घोटून लोकायले फसवता का?" बाकावरची माणसं उठून उभी राहिली. डॉक्टरीणबाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. खुर्चीकडे बोट दाखवलं. मी तणतणत बसले. तिने आरसा घातला, चिमट्याने काहीतरी ओढून काढलं आणि पांढऱ्या कापसावर ठेवून माझ्यासमोर धरलं.

"हे काय होय, बाई?"

"तूस."

"कशाचं?"

"लुचईचं," मी म्हणाले. धानाचा वाण विचारला की तोंड आपोआप चालतं. सांगून झाल्यावर कळलं की मी काय कबूल केलं ते. बाकावरचा एक म्हातारा एवढा हसला की त्याला ठसका लागला. "वा बाई! जात बी बरोबर सांगितली!"

मला राग आला होता, पण तो कोणावर काढावा हे ठरेना. तिने पुन्हा कोरायला सुरुवात केली. कोरता कोरता म्हणाली, "ही कीड आजकालची नाई. दोन वर्षांची तरी असन. आतून सगळी पोकळ होती. एवढे दिवस या दाढेनं तुम्ही धान कसा पाहत होत्या?"

तोंड उघडं असताना उत्तर देता येत नाही, हे बरं झालं. दोन वर्षं. पोकळ दाढेत दाणा पिचला काय आणि फुटला काय, मला सारखंच लागलं असणार. परत आलेला तो धान घरी उतरवताना पोती कोमट होती. उन्हात ट्रक उभा होता म्हणून, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. पोती मात्र आतून कोमट होती, ओला धान आतून तापतो तशी. शेठजी धानाबद्दल खरं बोलले होते. चारचौघांत दाढ बदला म्हणायचं त्यांना कारण नव्हतं, ते मी अजूनही विसरलेले नाही. पण धान ओला होता.

या वेळी तिने चांदी बसवली आणि तळहात पुढे केला. "गाठ सोडा."

"काऊन?"

"बसस्टँड दूर नाई म्हणून."

मी धान तिच्या हातावर ओतला. दुसऱ्यांदा तिने पैसे मागितले नाहीत. त्याचाही मला रस्ताभर संशय येत राहिला, पण उजवीकडे बोटभर पोळी सोडून मी दुसऱ्या दिवशीपर्यंत काही खाल्लं नाही.

तिसऱ्या दिवशी सावली गावाकडच्या एका खळ्यावर गेले. शेतकरी ओळखीचा, पण या वर्षी त्याने दोन व्यापाऱ्यांना धान आधीच दाखवून ठेवला होता. मी राशीवरचा दाणा डाव्या दाढेखाली घेतला. कट. उजवीकडे घेतला. कट. पुन्हा डावीकडे. मग राशीत खालून, मातीजवळून एक दाणा काढला आणि डावीकडे हळूच दाबला. तो फुटला नाही, बसला. उजवीकडे दुसरा दाबला. तोही बसला.

"बाई, धान घ्यायले आल्या का जेवायले?" शेतकरी म्हणाला.

"वरचा आज नेते. खालचा ओला हाय, चार दिवस पसरव."

"एकाच शेतातला धान हाय. वरचा अन् खालचा वेगळा कसा असन?"

"मंग खालचा वर कर," मी म्हणाले, "अन् त्या दोघायले बोलाव. त्यायच्या दातानं सांगू दे."

त्याने त्यांना बोलावलं नाही. फावडं आणायला घरात गेला.