खांड पडल्याची हाक

ती घटना आठवली की आजही माझं डोकं फिरतं. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, हातभट्ट्या फोडल्या, आगरदांड्याच्या धक्क्यावर चोरटा माल धरला. त्यातलं बरंचसं आता आठवतही नाही. पण खारेपाटातल्या एका बांधाचं हे प्रकरण डोक्यातून जात नाही. त्यात कोणाला एक दिवसाचीही शिक्षा झाली नाही, हेही त्याचं एक कारण असेल.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. आमच्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. मी नवा फौजदार होतो. पोलिसात येण्याआधी मी त्याच भागात प्राथमिक शाळेत मास्तर होतो, आणि मराठीच्या तासाला उताऱ्यावरचे प्रश्न घालायचो. उताऱ्याची मध्यवर्ती कल्पना सांगा. उताऱ्यात सरळ लिहिलेली नाही, पण वाचल्यावर कळते, अशी एखादी गोष्ट सांगा. बहुतेक पोरं काय करायची? उताऱ्याचं पहिलं वाक्य उतरवून काढायची आणि पाटी पालथी घालायची. पुढे खात्यात आलो तर तिथेही तेच! मोठमोठी माणसं जबाबाचं पहिलं वाक्य उचलायची आणि तपास संपला म्हणायची.

खारेपाटातली भातशेती खाडीला लागून असते. मधे मातीचा लांबलचक बांध. भरतीचं पाणी त्यानेच अडतं. बांधाला भगदाड पडलं की त्याला खांड म्हणतात. एकदा खांड पडून खारं पाणी शेतात शिरलं की उभं पीक जातं, आणि पुढची काही वर्षं जमीनही जाते. म्हणून तिकडे एक रिवाज आहे. ज्याला खांड दिसेल त्याने हाक मारायची, आणि ज्याच्या कानावर हाक पडेल त्याने फावडं आणि पेंढा घेऊन धावायचं. माणसं भरल्या ताटावरून उठतात. मी मास्तर असताना एकदा हाक आली, तर माझा अख्खा वर्ग मला न विचारता खिडकीतून पळाला होता.

सर्वपित्री अमावास्येला भर दुपारी अशा एका गावाचा बांध फुटला. त्या दिवशी मोठं उधाण होतं. भात दाण्यावर आलं होतं, ते सगळं बुडालं. पाणी ओसरल्यावर चिखलात एका माणसाचं प्रेत सापडलं. पोलीस पाटलाने खबर आणली ती अशी : मयताला गावाने वाळीत टाकलं होतं, त्याने सूड म्हणून बांध फोडला आणि स्वतःच वाहून गेला.

वाळीत का? तर हद्दीचा तंटा त्याने गावकीपुढे न नेता कोर्टात नेला. झालं! त्याला विस्तव बंद, विहीर बंद, न्हावी बंद. त्याचं घर गावाबाहेर, अगदी बांधाच्या टोकाला. घरात तो आणि त्याची बायको. आता गावाने मामलेदाराकडे अर्ज टाकला होता की, आमचं एवढं नुकसान या माणसाने केलं, तेव्हा त्याची जमीन गावाला द्या आणि त्याच्या बायकोला इथून काढा. पोलीस काय अहवाल देतात यावर मामलेदार ठरवणार होते. म्हणजे ती बाई उद्या छपराखाली राहणार की रस्त्यावर, हे माझ्या कागदावर ठरायचं होतं.

आमच्या जमादारांनी पंचनामा केला होता, गावातल्या कर्त्या माणसांचे जबाबही घेतले होते. जमादार सज्जन माणूस, अक्षर मोत्यासारखं. पण तेही पहिलं वाक्य उतरवणाऱ्यांपैकी! प्रत्येक जबाबाची सुरुवात एकच : ‘मयताने सुडाने बांध फोडला.’ सही, अंगठा, संपलं.

“साहेब, सरळ केस आहे,” ते म्हणाले. “गुन्हा करणाराच मेला. फाईल बंद करू.”

मीही कदाचित बंद केली असती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी खाडीपलीकडची एक कोळीण ठाण्याच्या दारात पाटी घेऊन आली. नेहमी मासळी विकायला यायची. त्या दिवशी पाटी खाली न ठेवताच ती माझ्यावर उखडली.

“सायेब, त्या मानसानं गला फाटंपरत हाक मारली. खाडीपल्याड आमाला आयकू आली, आन त्याच्या गावाला नाय? माजा घोव होडी घेऊन निंगाला, पन पानी ओढीत हुता, तो पोचंपरत खेल खलास. जो बांध फोडल तो हाक मारल काय?”

एवढं बोलून ती बाजारात निघून गेली. मी आत येऊन सगळे जबाब पुन्हा वाचायला घेतले, पण या वेळी मास्तर होऊन. आणि कपाळावर हात मारला! गावावर खांड पडली, पीक गेलं, माणूस मेला, आणि एवढ्या जबाबांत ‘हाक’ हा शब्द कुठेही नाही! ‘हाक आली’ नाही, ‘हाक आली नाही’ असंही नाही. खारेपाटातला माणूस खांड पडल्याची गोष्ट सांगतो आणि हाकेचं नाव काढत नाही, हे शक्यच नव्हतं. सगळ्यांनी मिळून उताऱ्यातून मध्यवर्ती कल्पनाच काढून टाकली होती.

मग पंचनामा वाचला. प्रेताजवळ पेंढ्याचे भारे आणि ‘लोखंडी कोयंडा असलेली एक जुनी लाकडी फळी’. समुद्र काय वाटेल ते वाहून आणतो, म्हणून जमादारांनी ती नोंदली आणि सोडून दिली. त्याच दिवशीची आणखी एक नोंद ठाण्याच्या डायरीत होती, ती मयताच्या बायकोची. ती भावाकडे पितरांच्या जेवणाला गेली होती. संध्याकाळी परतली तर नवरा मेलेला आणि घराला दार नाही. ‘गाववाल्यांनी माझं दारही चोरून नेलं’ अशी तिची तक्रार होती. जमादारांनी ती निमूटपणे लिहून घेतली होती. दोन्ही नोंदी त्यांच्याच हातच्या, आणि त्यांना दोन्हींचा काही संबंध दिसला नव्हता.

मी त्यांना फळी घेऊन त्या घरी चलायला सांगितलं. फळी चौकटीला लावली. बिजागऱ्यांची भोकं तंतोतंत जुळली.

“जमादार, बांध फोडायला जाणारा माणूस घराचं दार उचकटून बरोबर नेतो का हो?”

ते डोक्यावरची टोपी काढून उभे राहिले. ती बाई चौकटीला टेकून खाली बसली आणि मोठ्याने रडू लागली. नवरा मेल्यावरही ती इतकी रडली नसेल, असं शेजारच्या कोणी सांगितलं असतं, पण तिला शेजार उरला होता कुठे?

आता प्रश्न एवढाच होता की गावाने हाक ऐकली की नाही. जबाब देणाऱ्यांना मी एकेकटं बोलावलं. बांधाचं नाव काढलं नाही. “पितरांचं जेवण व्यवस्थित झालं का?” एवढंच विचारलं. माणसं पाठ करून आलेली असली की त्यांना पाठातलं विचारू नये. भलतंच विचारलं की ती खरं बोलतात. प्रत्येकाने सांगितलं की घास बाहेर ठेवला होता, कावळा शिवत नव्हता, घरची सगळी माणसं अंगणात गप्प उभी राहून वाट बघत होती. म्हणजे भर दुपारी सगळं गाव घराबाहेर, तोंड बंद आणि कान उघडे. आणि खाडीपलीकडे ऐकू गेलेली हाक यांना ऐकू आली नाही!

शेवटी मयताचा चुलतभाऊ आला. त्याला मी सरळच म्हटलं, “कावळ्याची वाट बघत होतास ना? मग भावाची हाक कशी चुकली?”

तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागला. मग त्याचा बांध फुटला.

“आयकली, सायेब. समद्यांनी आयकली. पन कोनाची ती वलखली. वाळीतल्याची हाक घेयाची न्हाय, असा गावकीचा ठराव व्हता. मी फावडा उचलला व्हता. बाजूच्याकडं बगितला, त्यो हलला न्हाय. त्यो माज्याकडं बगत व्हता. जो पयला धावंल त्यो बी वाळीत, सायेब. मंग मी फावडा खाली ठेवला.”

“अरे, तुझं स्वतःचं भात बुडत होतं!”

“व्हय.”

“आणि हाक कधी थांबली?”

“लय येल चालू व्हती,” तो म्हणाला, आणि ढसाढसा रडायला लागला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभराचं अन्न डोळ्यांसमोर बुडत असताना अख्खं गाव एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभं राहिलं. आणि ज्याला त्यांनी विहिरीचं पाणी दिलं नाही, तो माणूस त्यांचं भात वाचवायला आपल्या घराचं दार छातीशी धरून खांडीत उभा होता. एवढं करून वर त्याच्याच विरुद्ध अर्ज! लाज कशी वाटली नाही या लोकांना?

मी अहवाल लिहिला. दार, पेंढा, कोळणीचा आणि तिच्या नवऱ्याचा जबाब, चुलतभावाचं बोलणं, सगळं घातलं. उपअधीक्षक साहेबांनी तो चहा पिता पिता चाळला.

“मास्तरकीची सवय गेली नाही तुमची. हाक न घेणं हा कुठल्या कलमाखाली गुन्हा आहे?”

“साहेब, वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा आहे.”

“फिर्याद कोण देतंय? साक्षीला कोण उभं राहतंय?”

कोणीच नव्हतं. चुलतभाऊ दुसऱ्याच दिवशी फिरला. आपण असं काही बोललोच नाही, म्हणाला. बाई फिर्याद द्यायला तयार होती, पण ती त्या वेळी गावातच नव्हती. शिवाय पीक बुडालं म्हणून गावाला सरकारी मदत मिळायची होती आणि त्यासाठी वरून खटपट चालली होती. गाव बघत उभं राहिलं असं कागदावर आलं असतं तर ती अडली असती. साहेबांनी लाल पेन्सिल घेतली आणि माझी पानंच्या पानं मारली. “सारांश लिहा, सारांश,” म्हणाले आणि स्वतःच सांगितला : उधाणाने बांध फुटला, पाण्यात बुडून अकस्मात मृत्यू, घातपात नाही.

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. राग येतो तो याचाच. खोटं असतं तर भांडता आलं असतं.

बाईवरचं बालंट मात्र टळलं. मामलेदारांनी गावाचा अर्ज फेटाळला, घर आणि जमीन तिच्याकडे राहिली. मुद्देमाल परत करायचा होता, म्हणून मी दोन शिपायांच्या खांद्यावर ते दार देऊन जमादारांबरोबर बांधावरून निघालो. शेतं पांढरी पडली होती. आम्ही गावातून गेलो तर एकाने मान वर केली नाही. सुतार यायला तयार नव्हता, कारण गावाचा बहिष्कार अजून उठलेला नव्हता. शेवटी जमादारांनीच सदरा काढून बिजागऱ्या ठोकल्या. मी त्यांना हातात हातोडी घेतलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

मी तिला मामलेदारांचा आदेश वाचून दाखवला. तिला वाचता येत नव्हतं. ती शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकत होती. मग म्हणाली, “यात त्यांची हाक कुटं हाय?”

“मी लिहिली होती, बाई. वरच्यांनी काढली.”

तिने मान हलवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

लोक मला विचारतात, एवढ्या नोकरीत काय शिकलात? एवढंच शिकलो की कागदावर काय लिहिलंय ते कोणीही वाचतो. काय लिहायचं टाळलंय ते शोधावं लागतं, आणि बहुतेक वेळा मुद्दा तिथेच असतो. पण हेही शिकलो की शोधून काही होतंच असं नाही. मी मुलांना शिकवायचो की बरोबर उत्तराला गुण मिळतात. बाहेर तसं नसतं. इथे बरोबर उत्तर मिळालं होतं, आणि लाल पेन्सिलीने ते मारलं गेलं.

निघताना ती नव्याने ठोकलेल्या दारात उभी होती. समोर खाडी, बाजूला घाईघाईने बुजवलेली खांड. अजून ओली होती.

“सायेब, एक इचारू? माजा घर टोकाला. फुडल्या उधानाला पानी शिरताना पयला मलाच दिसल. मंग मी हाक मारू का नको?”

“मार,” म्हणालो.

“मारीन की,” ती म्हणाली. “त्यांनी बी मारलीच ना. पन तुमी तेवढा खाडीपल्याडच्या मानसांना सांगून ठेवा.”