पडद्यावरची खोटी रेष

संत तुकाराम नगरातल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानासमोर सोल्डरिंगचा धूर नाकात गेला, की मला तिथे उभं राहवत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी तळवड्याच्या आमच्या कारखान्यात लष्कराच्या उपग्रह संदेशांच्या लहरींवर नजर ठेवणारी जुनी यंत्रं नवी करायचं काम चालू होतं. तपासणीला अधिकारी येऊन बसले, आणि कुठलाही संदेश येत नसताना यंत्राच्या पडद्यावर एक रेष सारखी थरथरत राहिली. "आतला जोड कच्चा राहिलाय. सोल्डरिंग कुणाचं?" आमच्या साहेबांनी विचारलं. "बाईंचं," मी म्हणालो. सोल्डरिंग करणारी परभणीकडची ती बाई माझ्याकडे वळली. "भाऊ, माझा जोड पक्काय. केबल आवळताना तुम्ही पाना लावला होता ना?" केबल पुरेशी आवळली की टक्क वाजणारा तो पाना पलीकडच्या टेबलावर होता, तिथवर जायचा कंटाळा करून मी केबल बोटांनीच आवळली होती. "लावला की," मी म्हणालो. दुपारीच तिला कामावरून काढलं. ती गेटबाहेर गेल्यावर, तिचा जोड दुरुस्त करतोय असं दाखवत मी गुपचूप केबलला पाना लावला. तो टक्क वाजला आणि रेष नाहीशी झाली. "वा राव, तुमच्या हाताला गुण आहे!" साहेब म्हणाले, आणि मी हसलो. आता त्याच हाताने लिहून ठेवतो: बाईंचा जोड पक्का होता, केबल मी ढिली ठेवली होती.